खुणेपर्यंत

तर झालं काय, सरांनी टाचणीला सांगितलं की आजचं बॅटन बदलणं मोबाइलवर घे, आणि सावकाश दिसेल असं घे, म्हणजे कोण कुठे माती खातोय ते कळेल. टाचणी म्हणजे आमच्या रिलेतला पहिला, इतका बारीक की वारा सुटला की आम्ही त्याला धरून ठेवतो. दुसरा भुश्या, तिसरा मी, आणि शेवटचा इंजिन, जो पळतो तसाच बोलतो, वाफ सोडत. सराव संपल्यावर आम्ही साहित्याच्या खोलीत शिरलो, रेक्झिनच्या गाद्यांच्या थप्पीवर चढून बसलो, आणि त्या एवढ्याशा पडद्यावर सगळ्यांची डोकी एकमेकांना आपटायला लागली. कुणाच्या तरी घामाचा थेंब पडद्यावर पडला, टाचणीनं तो बाहीनं पुसला आणि म्हणाला, "थांबा, आता येतं." आणि आलं. लांबून भुश्या येतोय, पाण्यात पळाल्यासारखा, गाल वरखाली होतायत, आणि अलीकडे मी वाकून, मान मागे वळवून उभा आहे.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. रिलेत पुढचा पळणारा मागच्याची वाट बघत उभा असतो. त्याच्या मागे काही पावलांवर ट्रॅकवर एक चिकटपट्टी लावलेली असते, ती खूण. मागचा त्या खुणेवर येईपर्यंत त्याच्याकडे बघायचं, अगदी डोळे फाडून बघायचं. त्याचा पाय खुणेवर पडला की मान पुढे आणि सुटायचं. मग मागे बघायचं नाही. तो "घे!" म्हणून ओरडला की हात मागे टाकायचा, बॅटन हातात येतं. येतंच. न बघता. मागे बघत पळणाऱ्याचा वेग जातो, आणि रिलेत वेग गेला की सगळंच गेलं.

पडद्यावर भुश्याचा पाय खुणेवर पडला. माझे पाय सुटले, झकास सुटले. पण मान वळलीच नाही. पाय पुढे चाललेत, तोंड मागे. आणि ते तोंड! खरं सांगतो, मी ते तोंड आमच्या घरच्या आरशात कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी येणार म्हणून दिवसभर दारात उभं राहावं आणि ते माणूस एकदाचं कोपऱ्यावर दिसावं, तसं. तोंड थोडं उघडं. डोळे तर बघवेनात. एरवी ते डोळे पापणी मिटायच्या आत येऊन गेले असते, पण मोबाइलनं ते असे ताणून धरले, ताणून धरले, की मला वाटलं आता माझ्या चेहऱ्यातून काहीतरी टपकन खाली पडणार.

"अरे बघ, बघ, रेडिओ बघ!" इंजिन ओरडला. "हा रिले पळतोय का सासरी निघालाय? पाय पुढे, जीव मागे!"

झालं. गाद्यांची थप्पी हलायला लागली हसण्यानं. सर पण हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो, कारण मी रेडिओ, हसवणं माझं खातं. भुश्या हसला, पण सगळे हसून झाल्यावर, जसं कुणी दुसऱ्या खोलीतून जोक ऐकलाय. मग सर म्हणाले, "खूण ओलांडली की मागे बघायचं नाही. काय ठेवलंय मागे?" आणि इंजिन म्हणाला, "सांग ना रेडिओ, काय ठेवलंय?" आणि टाचणीला म्हणाला, "परत लाव." टाचणीनं परत लावलं. मी परत वळलो नाही. परत लावलं. परत नाही. मी सारखा तसाच बघत होतो, आणि मी इकडे बसून मला ओरडून सांगत होतो, वळ रे गाढवा, वळ.

मला रेडिओ म्हणतात कारण माझ्या पोटात काही राहत नाही. सरांची नक्कल, ताईचं फोनवरचं बोलणं, बाबांच्या दुकानात आलेलं विचित्र गिऱ्हाईक, सगळं मी पोरांना रंगवून सांगतो, दोनाचे चार करून. पण हे एक सांगता येत नाही, म्हणून हे मी मनातल्या मनात सांगतो, अशा पोरांना जी कुठेच नाहीत, जी चुकीच्या जागी हसत नाहीत. त्यांना मी बाथरूममध्ये सांगतो, जिन्यात सांगतो, गणिताच्या तासाला सांगतो. त्या दिवशी घरी जाताना पण सांगत होतो की, अरे, बघणं म्हणजे काय, बघणं तर सगळेच बघतात. इंजिन नाही का बघत मुलींच्या टीममधल्या लांबउडीवालीकडे? ती उडी मारते तेव्हा हा पाण्याची बाटली तोंडाला लावून उभा असतो आणि पाणी गळ्यावरून खाली जातं, त्याला कळत पण नाही. त्याच्याकडे कुणी मोबाइल धरत नाही. धरला तरी सगळे म्हणतील, वा.

आमचं घर चष्म्याच्या दुकानाच्या वर आहे. खाली बाबा काचा घासतात, त्यांची बोटं कायम पांढरी पावडर लागलेली. मी दुकानातून जिन्याकडे सटकत होतो तर बाबा म्हणाले, "ये जरा, नवीन मोजपट्टी आलीय, बघू दे कशी आहे." म्हणजे मला स्टुलावर बसवून माझ्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजणार. लहानपणापासून मीच त्यांचं मापाचं डोकं. त्यांनी पट्टी नाकावर टेकवली, तोंड इतकं जवळ आणलं की चहाचा वास आला, आणि म्हणाले, "माझ्या या डोळ्यात बघ." मला बघता येईना. हे काय होतं माहीत नाही, पण मला वाटलं, ते आत कुठेतरी चिकटलेलं असणार, ते तोंड, तो भुश्या, आणि बाबा तर दिवसभर लोकांच्या डोळ्यांतच बघतात, त्यांना दिसणार नाही तर कुणाला दिसणार. "अरे, बाहुली ठरत नाही तुझी," बाबा म्हणाले. "चोरी केलीस का कुठे?" मी म्हणालो, "बाबा, भूक लागलीय." भूक हे आमच्या घरातलं सगळ्यात चांगलं कारण आहे. वर गेलो तर ताई म्हणाली, "काय रे, तोंड का उतरलंय? कोण आहे ती?" आणि आई, कांदा चिरता चिरता, वर न बघता म्हणाली, "असेल गं कोणी. या वयात असायचंच. नसेल तर काळजी." तिघींचं, म्हणजे ताई, आई आणि ती कोण ती, यांचं एकदम छान जमलेलं होतं. मी ताट घेऊन खिडकीत जाऊन बसलो.

कधी कळलं म्हणाल, तर असं काही कळत नाही, म्हणजे दिवा लागल्यासारखं तर नाहीच. दात हलायला लागतो तसं असतं. जीभ सारखी तिथे जाते. भुश्याच्या बाबांचं सुतारकामाचं दुकान आहे, याच्या भुवयांत कायम भुसा. पहिल्यांदा रिलेच्या सरावाला आला तेव्हा त्यानं लेथवर स्वतः उतरवलेलं लाकडी बॅटन आणलं होतं, कारण शाळेचं एक हरवलेलं. पॉलिश न केलेलं, पिवळं, त्याच्या हातातून माझ्या हातात आलं तेव्हा गरम होतं. आता लाकूड गरम असतंच, हातात धरलं की होतंच, त्यात काय. पण मी ते घेऊन वळणभर पळालो आणि इंजिनला द्यायचं तेव्हा माझा हात सुटेना. इंजिन म्हणाला, "सोड ना, घरी नेतोस का?" त्या दिवसापासून, खरं सांगतो, या अख्ख्या जगात मला भुश्याकडे राजरोस बघायची जी काही परवानगी होती ती एवढीच, तो निघाल्यापासून खुणेपर्यंत. वर्गात नाही, डबा खाताना नाही, रस्त्यानं जाताना नाही. तिथे मी सगळीकडे हिशेबानं बघायचो, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे, मग भुश्याकडे. पण ट्रॅकवर सर स्वतः ओरडायचे, "त्याच्याकडे बघ! नजर हलवू नकोस!" मी काय करणार? सरांचं ऐकायचो.

आणि आता ते पण गेलं. दुसऱ्या दिवशी मी ट्रॅकवर उभा राहिलो आणि मागे मान वळवताना आधी इंजिन दिसला, लांब, वळणाच्या त्या टोकाला, हात कमरेवर. तो मलाच बघतोय असं वाटलं. मी भुश्याच्या पायांकडे बघायला लागलो, नुसत्या बुटांकडे. मग बुटांकडे पण नको वाटलं. मग मी कानानं ओळखायला लागलो, बुटांचा आवाज जवळ आला की सुटायचं. कधी लवकर सुटायचो, कधी भुश्या माझ्या पाठीवर येऊन आदळायचा. तो आदळला की मी असा झटकायचो जसं गरम तवा लागलाय. पोरांमध्ये माझं हे नवीनच सुरू झालेलं, माझा कुणाला धक्का लागला तरी आधी म्हणायचो, "ए, हो बाजूला." आमच्या रस्त्यावर एक कापडदुकानातला माणूस आहे, तो कापड उलगडताना मनगट असं फिरवतो, इंजिन त्याची नक्कल करतो, मनगट फिरवत वर्गात येतो आणि म्हणतो, "काय दाखवू ताई, मऊ दाखवू का?" सगळे मरतात हसून. मी बँकेच्या मोठ्या काचेसमोरून जाताना माझी चाल बघतो. ठीक आहे चाल. मनगटं ठीक आहेत. आवाज ठीक. मग मी काय आहे? मी त्या माणसासारखा नाही, आणि इंजिनसारखा पण नाही, आणि तिसरं कुणी मी बघितलंच नाही.

मग इंजिननं एक दिवस बूट बांधता बांधता काढलंच. म्हणाला, "रेडिओ, तुझं कुणी नाही ना रे?"

"माझं काय?"

"टाचणीचं आहे, ती ट्यूशनवाली. माझं तर काय विचारूच नको, तिनं नाही म्हटलं तरी माझं आहे. भुश्याचं असेल, तो बोलत नाही. तुझं कोण?"

"अरे, मला वेळ कुठाय? सराव, अभ्यास..."

"अभ्यास!" टाचणी म्हणाला, आणि तो इतका हसला की त्याला खोकला आला.

"हे बघ," इंजिन म्हणाला, आणि हे तो प्रेमानं म्हणाला, तेच वाईट. "स्पर्धेला मुलींची टीम पण आपल्याच बसमध्ये आहे. उंचउडीवाली आहे, चांगली आहे, तुझ्या जोक्सना हसते. परत येताना तिच्या शेजारी जाऊन बसायचं. बोलायचं. बस. नाहीतर मग आम्ही समजू."

"काय समजाल?"

"जे समजायचं ते." आणि त्यानं मनगट फिरवलं, उगाच, थोडंसं, मला लागेल असं नाही. पण लागलंच.

स्पर्धेच्या आधीच्या सरावानंतर सगळे गेल्यावर भुश्या थांबला. मला म्हणाला, "अजून एकदा करूया?" मी म्हणालो, "पाय दुखतोय." तो खाली बसून ट्रॅकवरची चिकटपट्टी सोलायला लागला, नखानं, हळूहळू, एक टोक सुटलं की दुसरं. भुश्या बोलतो तेव्हा आधी बराच वेळ बोलत नाही. मग म्हणाला, "तू हल्ली बघत नाहीस."

मी म्हणालो, "सरच म्हणाले ना, मागे बघू नको."

"खुणेनंतर. आधी तर बघायचं असतं. तू बघत नाहीस तर मला कळतच नाही तू निघणार कधी." त्यानं पट्टीची गोळी केली. "आणि मला बरं वाटतं तू बघितलंस की. म्हणजे पळायला."

म्हणजे पळायला. आता यावर तुम्ही काय म्हणाल? मी ते वाक्य घरी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरून बघितलं, बाबा काच बघतात तसं. 'बरं वाटतं' हे आधी आलं. 'म्हणजे पळायला' हे नंतर, थोडं थांबून. का थांबला? त्याला दुसरं काही म्हणायचं होतं आणि घाबरून त्यानं ते झाकलं? का तो मुळातच सावकाश बोलतो, म्हणून? तो सगळंच थांबून बोलतो, पाणी पाहिजे हे पण थांबून बोलतो. मी त्याला विचारू शकलो असतो. तो तिथेच बसला होता, गुडघ्यावर माती. पण विचारायचं म्हणजे आधी आपण दार उघडायचं, आणि तो आत आला नाही तर ते दार परत लावता येत नाही. तेव्हा मी एवढंच म्हणालो, "चल रे, उशीर झाला, आई मारेल." आणि त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला, मित्र घालतात तसा, जरा जास्तच जोरात. तो म्हणाला, "आई गं!" आणि हसला.

स्पर्धेच्या दिवशी ऊन असं होतं की ट्रॅकचं रबर बुटाला चिकटत होतं. अंतिम फेरीत आमची टीम सगळ्यात चांगली, हे सर बोलले नव्हते पण सरांची टोपी बोलत होती, सारखी काढत घालत होते. मी माझ्या जागी उभा राहिलो. खूण लावली, बोटानं दाबली. ठरवलं होतं, आज बघायचं. सरळ, सरांनी सांगितलंय तसं, खुणेपर्यंत आणि मग वळायचं, एवढं तर कुणालाही जमतं. बार झाला. टाचणी मस्त सुटला, भुश्याला बॅटन नीट गेलं, आणि भुश्या यायला लागला. मी बघितलं. आणि ते तोंड आलं. मला ते बाहेरून दिसत नव्हतं, पण आतून कळलं, गाल सैल पडले, ओठ सुटले, सगळं अगदी तसंच, मोबाइलमधलं. आणि सगळं मैदान भरलेलं, सगळ्यांच्या हातात मोबाइल. समोर वळणाच्या टोकाला इंजिन. मी मान पुढे केली. खुणेच्या आधीच. म्हटलं, कानानं ओळखू. बूट वाजत होते, पण आठ लेनमध्ये आठ जोड बूट, आणि शेजारच्या लेनमधला धडधडत आला आणि मी सुटलो.

मी असा पळालो की आयुष्यात पळालो नसेन. मागून "घे!" आलं, लांबून. मी हात टाकला. काही नाही. "घे! घे रे! थांब!" माझा हात हवेत तसाच, बोटं पसरलेली, आणि त्यात काहीच येत नाही. बॅटन द्यायची हद्द संपल्याची रेघ पायाखालून गेली ती मला दिसली. मग बॅटन आलं, भुश्यानं अक्षरशः अंग टाकून ते माझ्या हातात कोंबलं आणि तो तोंडावर पडला. रेघेच्या पुढे. बाजूच्या पंचांनी निशाण वर केलं, म्हणजे आम्ही बाद. मी तरी वळणभर पळालो, इंजिननं बॅटन घेतलंच नाही, तो नुसता उभा होता.

आणि मग सगळे मला एकच विचारत होते. सर म्हणाले, "बघत का नव्हतास?" टाचणी म्हणाला, "अरे, बघायचं होतं ना!" इंजिन रडत होता, खरंच रडत होता, आणि ओरडत होता, "एकदा मागे बघायला काय झालं होतं तुला? एकदा!" मी उभाच. हे ऐकून हसावं का काय करावं! भुश्याची हनुवटी सोललेली, कोपराला रक्त, तो म्हणाला, "माझं चुकलं. मी खुणेवर हळू झालो." तो हळू झाला नव्हता. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. इंजिन त्याच्यावर वळला, "तू हळू झालास? अंतिम फेरीत? सुताराच्या पोरा, हे काय रंधा मारणं आहे का?" आणि भुश्या खाली बघत, हनुवटीवर रुमाल धरून उभा राहिला.

परतीच्या बसमध्ये मागच्या लांब सीटवर आम्ही चौघे, भुश्या खिडकीत, त्याच्या शेजारी मी, आणि पलीकडे इंजिन टाचणीला हळू आवाजात सांगत होता की पुढच्या वर्षी भुश्याला काढायचं टीममधून, सरांशी मी बोलतो. भुश्याला ते ऐकू जात होतं, त्याचा कान लाल झाला होता, मला एवढ्या जवळून तो कान दिसत होता. मला बोलायलाच पाहिजे होतं. मी तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं, पहिल्यापासून, गाद्यांच्या थप्पीपासून. आणि बाहेर काय आलं माहीतये? मी म्हणालो, "भुश्याचं काही नाही रे. मीच बघत नव्हतो. मी उंचउडीवालीकडे बघत होतो. ती पलीकडे उडी मारत होती ना, तेव्हाच."

मग इंजिनचं तोंड असं उघडत गेलं, उघडत गेलं, आणि तो ओरडला, "अरे हरामखोरा!" आणि माझ्या गळ्यात पडला. पदक गेलं होतं, वर्षभराचा सराव मातीत गेला होता, आणि हा माझे केस विस्कटत होता. "अरे मग सांगायचं ना! पोरीसाठी हरलो म्हण की! आम्ही इथे सुतक धरून बसलोय!" टाचणी सीटवर उभा राहिला, शिट्टी वाजवली. पुढून सर ओरडले, "काय चाललंय मागे?" आणि इंजिन म्हणाला, "काही नाही सर, कारण सापडलं!" सगळ्यांनी मला माफ केलं. इतक्या सहज, इतक्या आनंदानं मला आयुष्यात कुणी कधी माफ केलं नव्हतं.

भुश्यानं रुमाल खाली घेतला. माझ्याकडे बघितलं, त्याच्या त्या सवयीनं, थांबून. "खरंच?" म्हणाला.

या एका शब्दात काहीही असू शकलं असतं. मी शोधलं. बस हलत होती, त्याच्या भुवईत एक बारीक भुशाचा कण होता, आणि मी शोधत होतो, पण इंजिनचा हात माझ्या मानेवर होता आणि वेळ नव्हता.

"खरंच," मी म्हणालो.

"बरं झालं मग," भुश्या म्हणाला, आणि पाय आखडून घेतले, मला उठायला जागा करून दिली.

इंजिननं मला उठवलं. मधल्या वाटेतून ढकलत नेलं, दोन्ही बाजूंच्या सीटवरची पोरं टाळ्या वाजवत होती, पोरी वळून बघत होत्या, आणि ती उंचउडीवाली, जिनं माझं काही बिघडवलं नव्हतं, जिच्या पायाला पट्टी बांधलेली होती, ती सगळ्यांत शेवटी वळली. तिला कुणीतरी कानात सांगितलं असावं. ती लाजली. तिनं शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली आणि खिडकीकडे सरकली. "बस ना," म्हणाली.

मी बसलो. टाळ्या थांबल्या, कारण आता मी बोलायला पाहिजे होतं, अख्खी बस त्यासाठी गप्प झाली होती. मी सरांच्या टोपीची नक्कल केली. ती हसली. मग मी आणखी एक सांगितलं, आणि मग आणखी, आणि मला थांबताच येईना.